डावा डोळा आणि दावणगेरेचं स्थळ

॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥

चिक्कमगळूर, दुकानातून
(घरी लिहायला बसलं की गिरिजा खांद्यावरून वाचते.)

श्रीमान शिवलिंगप्पा मेहुणे यांना रुद्रमुनीचा सप्रेम नमस्कार.

इथे सगळे खुशाल आहेत, म्हणजे माझा डावा डोळा सोडून. तुमची, वहिनींची आणि सुपारीच्या बागेची खुशाली कळवावी. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही ‘हं, हं, बघू’ म्हणता आणि तेवढ्यात तुमच्याकडचा रेडिओ मोठा होतो. तो आपोआप मोठा होत नाही, हे मला ठाऊक आहे.

तर डोळा. आमच्या विशालाक्षीसाठी तुम्ही दावणगेरेचं स्थळ आणलंत, तेव्हापासून माझी डावी पापणी लवते आहे. पुरुषाचा डावा डोळा लवणं म्हणजे काय, हे तुमच्यासारख्या जाणत्याला मी सांगायला नको. एरवी गप्प असते, त्या मुलाचं, कोट्रेशचं, नाव निघालं की सुरू. मुलगा दिसायला बरा आहे, मक्याची अडत स्वतः सांभाळतो, बोलायला नम्र आहे. (एवढा नम्र मुलगा काहीतरी लपवत असणार, असं कोणत्याही बापाला वाटेल.) त्यात तो चहा पितो! कॉफीची पूड विकणाऱ्याच्या घरी मुलगी बघायला येऊन ‘चहा असेल तर बरं’ म्हणतो! तेव्हा माझी पापणी अशी फडफडली, की त्याच्या आईला वाटलं मी डोळाच मारतोय. बाईंनी पदर सावरला आणि निघेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

आता तुमच्याविषयी. त्या दिवशी कॉफीचं तबक तुम्ही उचललंत आणि चारही पेले मुलाच्या काकांच्या पांढऱ्याशुभ्र पंच्यावर ओतलेत. सगळे म्हणाले, घाई झाली असेल. मी मात्र तुमच्या हाताकडे बघत होतो. बाही वर सरकली होती आणि तुमच्या दंडावरचं मांस आतून कोणी टिचक्या मारल्यासारखं थडथडत होतं. माझं लक्ष आहे म्हटल्यावर तुम्ही हात शालीखाली घेतलात. मी मनात म्हटलं, या माणसाला या स्थळाची काहीतरी गोम माहीत आहे आणि तीच त्याच्या दंडात उड्या मारते आहे. जाताना लोणच्याच्या बरणीचं झाकणही विशालाक्षीकडून उघडून घेतलंत. तेही माझ्या लक्षात आहे.

घरात तर वेगळाच तमाशा. तुमच्या बहिणीचा, गिरिजाचाही, डावाच डोळा लवायला लागला. बायकांचा डावा म्हणजे शुभ! ती म्हणते, ‘देवानं होकार दिलाय, तुम्ही कोण अडवणारे?’ मी म्हणतो, देवानं मलाही कळवलंय. एकाच घरात एकाच बाजूचा डोळा दोन निकाल देतोय, आणि तिकडे दावणगेरेची माणसं उत्तराची वाट बघून दुसरीकडे मुली पाहायला निघाली आहेत. विशालाक्षी परवा ताट सरकवून म्हणाली, ‘अप्पा, मला मुलगा पसंत आहे. लग्न मी करणार आहे, तुमची पापणी नाही.’ आणि उठून गेली. पोरगी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटी गिरिजाने मला हिल्डाबाई डॉक्टरांकडे ओढत नेलं. बाईंनी डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, ‘दिवसाला कॉफी किती?’ मी खरं ते सांगितलं, ‘दोन पेले.’ त्यावर गिरिजा अशी हसली की बाहेरचे पेशंट आत डोकावले. ‘आणि दुकानात भाजणी उतरली की प्रत्येक घाण्याची चव घेता ती? पुडीत मिसळलेली चिकोरी जास्त झाली की कमी ते बघता ती?’ अहो, ते चाखणं! चाखणं म्हणजे पिणं नव्हे, हा तर धंदा आहे. माझे आजोबाही चाखायचे, त्यांना कोणी ‘कॉफी पितात’ म्हटलं नाही. बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, ‘पोटाला हा हिशेब कळत नाही, रुद्रमुनी.’ मग गिरिजाकडे वळल्या. तेव्हा कळलं, की मी चाखून उरलेली कॉफी रोज डब्यातून घरी पाठवतो, ती फुकट जाऊ नये म्हणून हीच पिते. म्हणजे तिचा शुभ आणि माझा अशुभ एकाच भांड्यातून निघालेला!

बाई म्हणाल्या, जास्त कॉफी, कमी झोप, काळजी, डोळ्यांवर ताण, कधी घाम किंवा जुलाबाने अंगातले क्षार कमी होणं, कधी एखादं औषध, यांनी पापणी, पोटरी, अंगठा असं कुठेही लवतं आणि आपोआप थांबतं. कॉफी हळूहळू कमी करा, झोपा, मुलीचं लग्न ठरवा. गोळी नाही, इंजेक्शन नाही! रोग्याला रिकाम्या हाताने पाठवणारा डॉक्टर मी प्रथमच पाहिला. (बाईंच्या टेबलावर चहाचा कप होता, हेही नोंदवून ठेवतो.)

कॉफी कमी केली. पापणी थांबली. दावणगेरेला होकार कळवला. विशालाक्षी बोलायला लागली. कळावे, लोभ असावा.

तुमचा,
रुद्रमुनी

ता. क. खरं काम राहिलंच. निघता निघता मी बाईंना सहज विचारलं, मग दुर्लक्ष कधी करायचं नाही? त्या म्हणाल्या, आठवडेच्या आठवडे थांबलं नाही, डोळा पुरता मिटायला लागला किंवा सगळा चेहरा ओढला जायला लागला तर दाखवा. आणि हातापायाचं मांस उडतंय, त्याच हातातली ताकद जातेय, वस्तू सुटतायत, मांस बारीक होतंय, बोलायला-गिळायला जड जातंय, तर अजिबात थांबू नका. मला तबक आठवलं. मग बरणी आठवली. मी सगळं सांगितल्यावर बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘त्यांना घेऊन या. काही साधंही निघेल, पण तपासल्याशिवाय कळणार नाही.’ सोमवारचा नंबर लावलाय. सकाळच्या गाडीने या. वहिनींना वेगळं पत्र टाकलंय, तेव्हा रेडिओचा उपयोग नाही.

ता. ता. क. लग्नाची तारीख मी मुद्दाम काढलेली नाही. नवरीला हाताला धरून मांडवात मामा आणतो. तो हात नीट असल्याशिवाय मांडव घालायचा नाही, असं विशालाक्षीनेच सांगितलंय. मी नुसतं लिहितोय.

ता. ता. ता. क. सकाळपासून कॉफीचा थेंब नाही, तरी हे लिहिताना डावी पापणी परत लवायला लागली आहे. घरी निरोप पाठवून विचारलं, तर गिरिजाचाही डावाच लवतोय म्हणे. या खेपेला मी तिच्या डोळ्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय. या.