बर्फाच्या देशातल्या नळ्या

१६ एप्रिल २००६, रविवार

पुन्हा उकळली! या वेळी पानीपेचच्या सिग्नलला, भर चौकात. बॉनेटमधून वाफ, मागे टेम्पोवाल्यांचे भोंगे, आणि मी त्या लाल दोन सीटच्या गाडीत, छप्पर उघडं, ओढणी डोक्याला गुंडाळलेली. एक स्कूटरवाला जाता जाता म्हणतो, "मैडम, पत्ती डाल दो, चाय बन जाएगी." मेल्याला हसायला काय जातंय.

दोघा-तिघांनी ढकलत शास्त्रीनगरात दशरथजींच्या गॅरेजपर्यंत आणून दिली. दशरथजींनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. "मैडमजी, बेच दो. ये जापानी खिलौना जयपुर की गरमी के लिए नहीं बना." गेल्या वर्षी एका जवाहिऱ्याच्या अंगणात ही धूळ खात पडली होती, मुलगा परदेशी निघून गेलेला. मी हिच्या प्रेमात पडले, घेतली. तेव्हापासून दशरथजी हेच सांगताहेत.

संध्याकाळी नाशिकहून मनोहरचा फोन. पहिला प्रश्न — "ऑर्डर आली का?" दुसरा — "गाडी विकलीस का?" नवऱ्याला तिसरा प्रश्न सुचत नाही हल्ली. प्रमोशन घेऊन इथे एकटी आले त्याला दोन वर्षं झाली, नाशिकला परत येण्याचा अर्ज जानेवारीतच दिलाय, बदल्यांचे आदेश जूनपर्यंत निघतात. त्याचं म्हणणं, गाडी तिथेच विक आणि ट्रेनने ये. मी म्हटलं, गाडी चालवत येणार, एकटी. "चालवत? पानीपेच तरी ओलांडते का ती?" — आणि हसला. मी फोन ठेवून दिला.

बघच तू. जूनमध्ये ही गाडी आपल्या दारात उभी केली नाही तर नावाची शालिनी नाही!

१८ एप्रिल

विमा कंपनीच्या ऑफिसात दिवसभर मोटार क्लेमच्या फायली. वीस वर्षं हेच करतेय. रेडिएटर, वॉटर पंप, हेड गॅस्केट — सगळी नावं तोंडपाठ. आणि यातला एकही भाग आजवर हाताने शिवलेला नाही. कमाल आहे!

२० एप्रिल

सापडलं!! सायबर कॅफेतल्या पोराने पंखा माझ्याकडे वळवून दिला म्हणून तिथे बसवलं तरी. हीच गाडी असलेल्या कुणा अमेरिकन माणसाने फोटोंसकट लिहिलंय. इंजिनातलं गरम पाणी दोन बारीक नळ्यांमधून हवा आत घेणाऱ्या झडपेखाली फिरवलेलं असतं. कशासाठी? तर थंडीत त्या झडपेवर बर्फ जमू नये म्हणून!

बर्फ! जयपुरात! आज बाहेर त्रेचाळीस आहे. मी एकटीच खुर्चीत हसत सुटले.

आणि गळती नेमकी तिथेच असणार. जुनाट नळ्या, थेंब थेंब पाणी जातं, त्या जागी हवा शिरते, मग उकळते. नळ्या काढायच्या, तोंडं बंद करायची. इतकं सोपं.

२३ एप्रिल, रविवार

दशरथजींनी साफ नकार दिला. "कंपनी ने लगाया है तो कुछ सोच के लगाया होगा." मग मीच केलं! जवाहरनगरात, घरासमोर, सकाळी उन्हं चढायच्या आत. सलवार-कमीज, हातात पक्कड आणि पाना.

शेजारच्या प्रतिमा गच्चीतून बघत होत्या. त्यांचे मिस्टर बँकेत, अमरावतीहून बदलून आलेले. "अहो शालिनीताई, माणूस बोलवा ना एखादा!" म्हटलं, बाई आलीये ना.

क्लिपा गंजलेल्या. पहिली नळी निघता निघेना, दुसरी हातात आली तीच तुकडे होऊन. करंगळीएवढी जाडी, आणि आत बघते तर जयपूरच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर, गिझरच्या कॉइलवर चढतो तसा. सुईसुद्धा आत गेली नसती. इतकी वर्षं कुणी नळाचं पाणी ओतत होतं या बिचारीत! हार्डवेअरच्या दुकानातून रबरी टोप्या आणल्या होत्या, त्या दोन्ही तोंडांवर बसवल्या. नखांत ग्रीस, कोपराला खरचटलं.

मला आनंद झाला. इतका, की घरात येऊन आरशात स्वतःकडे बघून हसले.

२५ एप्रिल

टोपी फुटली. अजमेर पुलियावर. फाट्कन आवाज, हिरवं पाणी रस्ताभर. दशरथजी म्हणाले, "मैंने तो पहले ही कहा था." म्हणा, म्हणा.

२७ एप्रिल

मनोहर — "ऑर्डर?" "नाही." "गाडी?" "आहे." सासूबाईंनी फोन घेतला. "अगं, तू येणार म्हणून मधली खोली रंगवून घेतोय. कोणता रंग देऊ?" म्हटलं, तुमच्या आवडीचा द्या. त्यांना राग आला असावा. पण मला खरंच सुचलं नाही. मी तेव्हा पितळेचा विचार करत होते.

३० एप्रिल, रविवार

विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र. सीकर रोडवरची ती धूळ! एका लेथवाल्याकडून पितळेच्या गुट्ट्या, नळीत ठोकायच्या भरीव बुचांसारख्या, बनवून घेतल्या, अगदी मापात. तो म्हणाला, "किस मशीन का है?" गाडीचं सांगितलं तर विश्वास बसेना. शेवटी बाहेर आला, गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाला, "आप खुद?" मी मान वर करून हो म्हटलं.

घरी येऊन चांगल्या रबरी नळीचे छोटे तुकडे, त्यात पितळेची गुट्टी, वर दोन-दोन क्लिपा. आता फुटून दाखव!

आणि मग हाताला चटकच लागली. बाजूला आणखी एक नळी दिसली, तीही अशीच बिनकामाची दिसत होती. तीही काढली, तिचंही तोंड बंद. होऊ दे एकदाच सगळं साफ.

१ मे

महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम. ऐटीत गाडी काढली. कॉलनीच्या फाटकापर्यंतही पोचले नाही, काटा सरळ लाल रेषेवर! इतक्या वेगाने कधीच चढला नव्हता. गाडी तिथेच सोडून प्रतिमांच्या मारुतीत बसून गेले. बाकीच्या बायका नऊवारीत, आणि माझ्या नखांत काळं. कुणीतरी विचारलंच, "अय्या, हे काय लागलंय?" महाराष्ट्र गीताला उभी होते आणि डोक्यात एकच — का? का? का?

३ मे

मनोहरला सांगून बसले, मूर्खासारखी. "हे बघ शालू, हौस म्हणून ठीक आहे. पण तुझा तो प्रांत नाही." शांतपणे म्हणाला, वाईट बोलला नाही. म्हणून तर जास्त लागलं. रडले. खोटं कशाला लिहू.

४ मे

कळलं!!!

सकाळी ऑफिसला जाण्याआधी इंजिन चालू केलं आणि हात लावून बघत गेले, आजाऱ्याचं अंग चाचपावं तसं. इंजिन तापून लाल, आणि रेडिएटर? थंडगार! म्हणजे पाणी तिथपर्यंत जातच नाही. म्हणजे मधला दरवाजा उघडत नाही. तो दरवाजा थर्मोस्टॅटचा, गरम पाणी अंगाला लागलं की उघडणारा. आणि त्याच्यापर्यंत गरम पाणी आणणारी नळी कोणती? ती तिसरी! जी मी हौसेने बंद केली!

म्हणजे दोन नळ्या बर्फासाठीच्या, त्या इथे उपयोगाच्या नाहीत. तिसरी मात्र गाडीचा जीव. शेजारीशेजारी, दिसायला अगदी सारख्या. दशरथजी एक तृतीयांश बरोबर होते. त्यांना सांगणार नाही. (सांगितलं संध्याकाळी. छाती फुगवून बसलेत.)

फायलीत हे कधी कळलं असतं? वीस वर्षं "ओव्हरहीटिंग, कारण अज्ञात" असे शेरे वाचून सह्या केल्या मी.

७ मे, रविवार

आजचा दिवस सोन्याचा.

तिसरी नळी नवी घेऊन जागच्या जागी लावली. बर्फवाल्या दोघींची तोंडं पितळेने बंदच. मग गाडी फाटकाच्या उतारावर, तोंड वर करून उभी केली, म्हणजे आतली हवा वर येईल. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि कूलंट. नळाचा एक थेंब नाही! दशरथजी स्वतःहून आले होते, "देखने". देखता देखता बाह्या सरसावल्या. मी ओततेय, ते रेडिएटरची नळी दाबताहेत, आणि आतून गुडगुड, गुडगुड, ढेकर! मोठमोठे बुडबुडे. "निकल रही है, मैडमजी, निकल रही है!" प्रतिमा गच्चीतून टाळ्या वाजवत होत्या.

इंजिन चालू. काटा चढला, मध्यावर आला, थांबला. आम्ही दोघं श्वास रोखून. पंखा सुरू झाला. पंखा बंद झाला. काटा हलला नाही. मग रेडिएटरला हात लावला — भाजला! इतकं सुखाचं भाजणं आयुष्यात नाही.

दशरथजींनी नुसतं "हम्म" केलं. त्यांच्याकडून एवढं मिळालं म्हणजे पुष्कळ.

८ मे

पानीपेच. भर दुपार. लाल सिग्नल. काटा मध्यावर. मी राणी!

१४ मे, रविवार

नाहरगडचा घाट, ऐन बारा वाजता, मुद्दाम! प्रतिमांना शेजारी बसवलं. पहिल्या वळणाला "अहो, हळू", दुसऱ्याला डोळे मिटले, तिसऱ्यानंतर ओरडायला लागल्या — "अजून जोरात!" वाटेत एक मोठी जीप बॉनेट उघडून वाफ सोडत उभी होती, भोवती चार पुरुष. मी थांबले, पाणी दिलं, आणि गार झाल्याशिवाय झाकण उघडू नका असं बजावलं. ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी.

वर पोचून बॉनेट उघडलं. एक थेंब नाही कुठे. प्रतिमा म्हणाल्या, "मला शिकवाल का हो? चालवायला?" आतापर्यंत त्यांच्या मारुतीला ड्रायव्हरच असायचा. म्हटलं, उद्यापासून.

२१ मे, रविवार

किशनगडपर्यंत जाऊन आले! एकटी! सहा पदरी नवा रस्ता, संगमरवराचे ट्रक, आणि त्यांच्यामधून माझी लाल चिमणी. गरम वारा तोंडावर, ओठ फुटले, पर्वा नाही. ढाब्यावरून मनोहरला मोबाइल लावला. म्हटलं, किशनगडला आहे, अजून पुढे गेले तर आज भिलवाड्यात जेवेन. त्याने गावाचं नाव पुन्हा विचारलं. मग — "खरंच? उकळली नाही?" "नाही." "तू केलंस हे?" "मी केलं." "अगं मग येशील तू हिच्यातून!" किती खूश झाला! आईला हाका मारायला लागला. मधल्या खोलीला आकाशी रंग दिलाय. गाडीसाठी ओट्याजवळच्या कुंड्याही हलवणार आहेत.

मला भरून आलं. चांगला आहे तो. खरंच चांगला आहे.

परतताना जयपूरचे डोंगर दिसले आणि तोंडातून निघालं, "आलं घर!" गाडीत कुणी नव्हतं ते बरं.

२९ मे

दशरथजींचा फोन, ऑफिसात! "मैडमजी, एक गाड़ी आई है, समझ में नहीं आ रहा. ज़रा हाथ लगाके देख लोगे?" हाथ लगाके! सुटताना गेले. दोन ठिकाणी चाचपलं, सांगितलं. बरोबर निघालं. चहा पाजला त्यांनी, मलाईवाला.

ऑफिसातही एक क्लेम परत पाठवला. सर्व्हेअरला म्हटलं, कारण अज्ञात चालणार नाही, हात लावून बघा आणि लिहा. तो बघतच राहिला.

४ जून, रविवार

प्रतिमांनी आज एकटीने कॉलनीला फेरी मारली. मारुती पहिल्या गिअरमध्येच, पण मारली. उतरल्यावर गळ्यात पडल्या. "तुम्ही गेलात की मला फार चुकल्यासारखं होईल हो." म्हटलं, उद्या दुसरा गिअर. दिवसभर जेवण गेलं नाही. उन्हामुळे असेल.

९ जून, शुक्रवार

ऑर्डर आली. नाशिक, हवी होती तीच शाखा. साहेबांनी पेढे मागितले. जागेवर येऊन बसले, आणि दुपारच्या आत लेखी कळवलं की मला जायचं नाही, जयपूरलाच राहू द्यावं.

मनोहरला फोन केला. सगळं सांगितलं. त्याने हळूच विचारलं, "गाडी पुन्हा बिघडली का गं?"

"नाही रे," म्हटलं. "गाडी एकदम छान आहे."