कोरफडीच्या बाटल्या साताऱ्याला

१२ जानेवारी
हे परत साताऱ्याला निघालेत. महिन्यातली तिसरी खेप. म्हणे मिलिटरी कँटीनचं सामान आणायचंय. जाताना पिशवीत आपल्या कोरफडीच्या रसाच्या बाटल्या, येताना पिशवी रिकामी. सामान कुठाय?
विचारलं, "तुमच्या पलटणीतल्या सगळ्यांची पोटं एकदम बिघडली का वं?"
"गुण येतोय लोकांना. तू कापत राहा."
आणि फोन घेऊन बांधावर. घरात रेंज असते की.

१९ जाने.
दिवसभर कोरफड. पानं बुडाकडून बादलीत उभी केली, पिवळा चीक गळू दिला. तो राहिला तर पिणाऱ्याचं पोट धो धो जातं. मग काटे, साल, गर, मिक्सर, लिंबू, फडकं. बोटं अजून बुळबुळीत.
सासूबाई भाजल्या जागी गर लावायच्या. खोकल्याला पान निखाऱ्यावर भाजून रस हळदीतून द्यायच्या. थोरलीचं अंगावरचं दूध तोडताना मला चीक लावायला लावला होता, पोरगी कडूनं तोंड वेडंवाकडं करून रडली. पण साखरेच्या आजाराला कोरफड, हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.
लिहायचं कारण, आज ह्यांच्या ट्रंकेत लेबलांचा गठ्ठा सापडला. नवीन, गुळगुळीत. 'मधुमेहावर खात्रीशीर. गोळ्यांपासून सुटका.' आणि खाली, 'सौ. सुशीलाबाईंच्या हातचा.'
माझं नाव!

२० जाने.
विचारलं. हसले. "सांगलीच्या छापणाऱ्यानं आपल्या मनानं टाकलं गं."
त्याला माझं नाव कुणी सांगितलं मग?

२ फेब्रु.
मोरीच्या कडेची कोरफड खुरपत होते. मातीत पांढरं काहीतरी. गोळ्या. चार-पाच, अर्ध्या विरघळलेल्या. ह्यांच्या साखरेच्या. जेवल्यावर गोळी तोंडात टाकतात आणि चूळ भरायला इथंच येतात. पाकीट बरोबर रिकामं होत होतं म्हणून मी निर्धास्त.
 आधी डोळ्यांनी बघायचं.

३ फेब्रु.
गोळी माझ्या हातानं दिली. पाणी प्यायले, उठले. मी मागोमाग. थुंकली.
"कवापास्नं चाललंय हे?"
"दिवाळीपास्नं. काय झालं का मला? ठणठणीत हाय."
"रक्त कवा तपासलं?"
परत चूळ भरली. मग म्हणाले, "माझ्यावर पाळत ठेवतीस व्हय?"
व्हय, ठेवते. 

९ फेब्रु.
साताऱ्याहून रुक्साना भाभींचा फोन. त्यांचे मालक, इनामदार भाऊजी, दवाखान्यात. ह्यांच्याबरोबर अठरा वर्षं एका पलटणीत होते. पायाची जखम चिघळली, साखर भलतीच वाढलेली. डॉक्टर म्हणतात अंगठा जाईल. कदाचित जास्त.
भाभी म्हणाल्या, "वहिनी, खरं सांगा. सुभेदारसाहेब तुमच्या रसावर बरे झाले ना? तेच सांगितलं त्यांनी. म्हणून आमच्या ह्यांनी गोळ्या बंद केल्या."
 मी हो म्हणाले असते तर घराची अब्रू राहिली असती.
म्हणाले, "न्हाई भाभी. दिवाळीपास्नं त्यांनी रक्त तपासलंच न्हाई."
 भाभींनी फोन ठेवला.

११ फेब्रु.
ह्यांना सांगलीला नेलं, जबरदस्तीनं. रिपोर्ट आला, साखर वाढलेलीच. डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाईंना वाटलं असेल, बायको लक्ष देत नाही.
एसटीत हे म्हणाले, "मशीन बिघडलेलं असंल त्यांचं."
 आपल्या कवठ्याच्या स्टँडवर उतरताना हे हळूच म्हणाले, "अंगठा खरंच काढतील का गं त्याचा?"

१३ फेब्रु.
एकटेच साताऱ्याला गेले. पिशवी मी तपासली. बाटली नाही. म्हणाले, इनामदारला भेटतो, मग बाकीच्यांना एकेकाला गाठून सांगतो, चुकलं म्हणून. मी येते म्हटलं तर, "नको. लाज वाटंल मला."
खरं बोलले असतील. असतील...

१५ फेब्रु.
आले. अंगठा काढला. पाऊल वाचलं म्हणे. भाऊजी ह्यांच्याशी बोलले, भाभी नाही बोलल्या.
"आणि बाकीचे?"
"सांगितलं सगळ्यांना."
"सगळ्यांना?"
"एकदा सांगितलं न्हवं!"
जेवल्यावर गोळी घेतली. तोंड उघडून जीभ दाखवली, न सांगता. मला रडू आलं. तरीही हे मोरीकडे गेले तेव्हा मी दारात उभी राहिलेच.

१७ फेब्रु.
लेबलं चुलीत घातली. ट्रंकेत मोजून बघायला हवी होती आधी, सगळी होती का ते.
हे शेताकडे गेलेत. भाभींना फोन लावला, शिव्या खायच्या तयारीनं. शिव्या नाही दिल्या. रस घेणाऱ्यांची नावं माहीत होती त्यांना. आठ नंबर उतरवून घेतले. ह्यांना कळलं तर परत पाळत म्हणतील. म्हणोत.
पहिला लावला. म्हातारा आवाज, खणखणीत. मी नाव सांगितलं.
"जय हिंद वहिनी! बोला, पुढच्या खेपेच्या बाटल्या निघाल्या का?"