छत्तीस शून्यं

विष्णुपुरी, नांदेड
ता. ११ फेब्रुवारी २०२५

चि. रुद्रेशला आक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तुम्हीही मुरुडला खुशाल असाल. लग्नसराई आहे, तुझा मंडपाचा धंदा जोरात असेल. पत्र बघून हसशील, पण दोन महिने झाले तू माझा फोन उचलत नाहीस, मग दुसरं काय करू?

मेस आता साठ पोरांवर गेली. रोज तीनशेवर चपात्या लाटून खांदा कामातून गेला. म्हणूनच चपातीच्या मशीनसाठी कर्ज मागितलं होतं, आणि सिबिलचा स्कोअर कमी म्हणून बँकेनं नाही म्हणलं, ते तुला ठाऊकच आहे. त्याचं मग लिहिते.

आधी गंमत ऐक. हा स्कोअर म्हणजे लई नवलाचा प्रकार आहे बघ! नऊशेपैकी असतो. माझा सहाशे अकरा. ज्यानं जन्मात कर्ज काढलं नाही त्याला पैकीच्या पैकी मिळत असतील असं मला वाटायचं. तर त्याला स्कोअरच नसतो! तुझे दाजी ऐटीत सांगून राहिले होते, "आपण कुणाचा रुपया घेतला न्हाई." त्यांचा बघितला तर पाटी कोरी. दोन दिवस तोंड पाडून बसले होते.

बँकेत नव्या अफसाना मॅडम आल्यात. मी रिपोर्टची पानं घेऊन त्यांच्यापुढं ठाण मांडलं आणि एकेक ओळ विचारत सुटले. हे काय, ते काय, इथं माझा जुना पत्ता कसा आला? त्या वैतागल्या नाहीत. "काकू, एवढं कुणीच वाचत नाही," म्हणल्या.

बरं, किती टाळू आता.

माझ्या नावावर तुझ्या गाडीचं कर्ज काढलं होतं ना, त्याच्यापुढं छत्तीस महिन्यांचे छत्तीस चौकोन आहेत, आणि प्रत्येकात नुसती शून्यं. मी समजले, तू एकही हप्ता भरला नाहीस. खाली माझ्या क्रेडिट कार्डापुढं तीस, साठ, नव्वद असे चढते आकडे. ते मला मार्क वाटले. तेच कागद नाचवत आप्पासाहेब काकांच्या पुनमच्या साखरपुड्यात, भरल्या पाव्हण्यांत, मी तुला लबाड म्हणलं. तू म्हणलास, "आक्का, एक बी हप्ता चुकला न्हाई." मी म्हणलं, "कागद खोटं बोलतो का?"

मॅडमनी बोट ठेवून दाखवलं. तो आकडा म्हणजे हप्त्याला किती दिवस उशीर झाला ते. शून्य म्हणजे एका दिवसाचाही उशीर नाही. "भरले नसते तर गाडी दारात राहिली असती का?" एवढं साधं माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

एप्रिल २०२०, मे, जून. लॉकडाऊन, गावात एक मंडप लागला नव्हता. तिथंही शून्य. पैसे कुठून आणलेस रे तेव्हा? मला खरंच जाणून घ्यायचंय.

आणि बुडवी निघाले मी. कॉलेजपुढं टेबल लावून बसलेल्या एकानं ते कार्ड फुकट म्हणून गळ्यात मारलं होतं. मी ते एकदाही वापरलं नाही, कात्रीनं कापून घंटागाडीत टाकलं. वाटलं, झालं बंद! ते चालूच. वर्षाची फी, त्यावर व्याज, आणि मेसेज सगळे जुन्या नंबरवर. मॅडम म्हणल्या, "भावाचे हप्ते वेळेवर गेले म्हणून तर सहाशे तरी राहिले." मला तिथंच रडू फुटलं, रुद्रेश.

थकबाकी भरली, कार्ड रीतसर बंद केल्याचं पत्र घेतलं. स्कोअर चढेल सावकाश. कालपासून साखरपुड्यातल्या एकेकाला फोन लावून सांगतेय, रुद्रेश खरा, मी खोटी. काकांना कमी ऐकू येतं, त्यांना दोनदा ओरडून सांगितलं. शेजारीण डोकावून गेली.

मॅडमनी एक वाट सांगितली. भावाला सहकर्जदार घ्या, मशीन महिनाभरात येईल. दाजीही मागं लागलेत. मी नको म्हणलं. हे पत्र तुझ्या सहीसाठी लिहिलंय असं तुला घडीभरही वाटू नये. मशीन येईल तेव्हा येईल, तोवर मी लाटते. मला फक्त माफी पाहिजे. ती देणं जमत नसेल तर तेही तुझ्या तोंडून ऐकू दे. शिव्या घाल, पण बोल.

सगळ्यांसमोर खोटी ठरलेली,
आणि तरीही तुझीच,
शिवगंगाक्का