पाइपाला खांदा

३ ऑगस्ट
लागली एकदाची नोकरी! पेनांगमध्ये, टेकडीवरच्या तौके, म्हणजे शेठ, खॉ यांच्या बंगल्यात. त्यांच्या मत्स्यालयाचे पाइप, पंप, पाणी, सगळं आता माझ्याकडे. मत्स्यालय कसलं, दिवाणखान्यात आठ फुटी समुद्रच मांडलाय, आणि त्यात एकटाच लाल अरोवाना मासा जावयासारखा मिरवतो. तौके त्याला स्वतःच्या हाताने कोळंबी भरवतात. स्वयंपाक, झाडलोट आणि सगळ्यांवर दादागिरी गाइक मावशींकडे. म्हणाल्या, चुआन, एक ध्यानात ठेव पोरा, मासा जेवल्याशिवाय या घरात माणसाला कॉफी मिळत नाही. मला मिळाली. वर नूडल्सही मिळाल्या, झणझणीत.

४ ऑगस्ट
तळघर पाहिलं. वरच्या टाकीतलं पाणी दोन इंची पाइपातून खाली येतं, छताखालून आडवं जाऊन हौदात पडतं, तिथे गाळलं जातं आणि पंपाने पुन्हा वर. काम सुबक आहे, पण बारा फूट आडव्या पाइपाला एकही क्लॅम्प नाही! भरलेल्या पाइपाचं वजन काय चेष्टा आहे? मधे झोळ पडायला हवा, सांधा निखळायला हवा. सूत धरून पाहिलं, तर केसभरही वाकलेला नाही. जोडणाऱ्याला दंडवत. पण मी माझ्या शिस्तीचा माणूस. तीन-तीन फुटांवर क्लॅम्प, आत रबर, म्हणजे पंपाची थरथर छतात जात नाही. आणि फार आवळायचं नाही, पाइपाला हलायला जागा ठेवायची. चारही ठोकून वर आलो.

५ ऑगस्ट
चारही क्लॅम्प जमिनीवर. पडलेले नाहीत, ओळीने मांडलेले. स्क्रू शेजारी, रबराच्या पट्ट्या घडी घालून. कोण चेष्टा करतंय त्याचं पकडीने नाक पिरगळीन, असं मावशींना ठणकावून सांगितलं. एरवी खो-खो हसणारी बाई, पण हसली नाही. मी पुन्हा ठोकले.

७ ऑगस्ट
पुन्हा खाली, पुन्हा ओळीने. पाइपावरून हात फिरवला. सगळा गार, फक्त मधे वीतभर कोमट. मी बघत असतानाच पाइप बोटभर वर उचलला गेला, सरकला आणि परत टेकला. तिरडीचे खांदेकरी खांदा बदलतात ना, तसा. मी वर पळालो, खोटं कशाला बोलू?

मावशींनी मग दार लावून सगळं सांगितलं. माझ्या आधी इथे बून किआत होता. या पाइपाला आधार हवा म्हणून तो कानीकपाळी ओरडत होता, पण छताला भोकं पडतील म्हणून तौकेंनी ऐकलं नाही. एक दिवस सांधा निखळला. त्याने हौदात उभं राहून पाइप खांद्यावर घेतला आणि वीज बंद करा म्हणून हाका मारल्या. मुख्य खटका जिन्याच्या तोंडाशी आहे, तौके तिथेच उभे होते. म्हणाले, पंप थांबला तर मासा गुदमरेल, आधी मासा. सावकाश मासा हलवला. चाळीस मिनिटं! तेवढ्यात पंपाची तार पाण्यात पडली आणि शॉक लागून तो तिथेच गेला. त्याच्या बायकोला निरोप काय गेला, तर नवरा निष्काळजी होता.

मी म्हटलं, मग त्याने तौकेंची मान का नाही धरली? मावशी म्हणाल्या, मालकाचं अरिष्ट मासा आपल्यावर घेतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मासा घरात आहे तोवर त्यांना काही होत नाही, जे व्हायचं ते दुसऱ्यांना. आणि सध्या आमच्या चिनी पंचांगाचा सातवा महिना, मेलेल्यांचा. त्या पाइपाखाली खांदा लावू नकोस, माणसाच्या खांद्यावर त्याला राखणारा, न दिसणारा दिवा असतो, तो विझतो आणि मेलेले अंगाला चिकटतात.

९ ऑगस्ट
आज सांधा गळायला लागला. गुडघाभर पाण्यात उतरलो, पाइप खचला, आणि मी सवयीने खांदा दिला. काय ते वजन! तौकेंना ओरडून सांगितलं, खटका बंद करा. वरून उत्तर आलं, जरा दम धर, तो जेवतोय.

मासा जेवतोय!

पायांत मुंग्या, दात कडकडा वाजायला लागले. मग खांद्यावरचं ओझं कुणीतरी अलगद काढून घेतलं, म्हणून बाहेर आलो. खटक्याला तौकेंनी हातही लावला नव्हता. वर मलाच म्हणाले, केवढा कांगावा करतोस रे. हरामखोर! माणसाच्या जिवाला काही किंमत?

१० ऑगस्ट
डावा खांदा गार. तीन सदरे बदलले, तिन्ही त्याच जागी ओले झाले.

पण भीती बून किआतची नाही वाटत. राग येतोय. खाली जाऊन पाइपाला म्हटलं, दादा, तुला कोण हवंय ते मला कळलंय. मी आणून देतो.

पाइप दोनदा वाजला.

१२ ऑगस्ट, सकाळ
तौके नाश्त्याला बाहेर. मासा पिशवीत घालून, हवा भरून, थर्माकोलच्या खोक्यात मावशींबरोबर त्यांच्या बहिणीकडे रवाना केला. मावशींनी खोकं छातीशी धरलं. जाताना एवढंच म्हणाल्या, तूही आत्ताच फाटकाबाहेर पड.

नाही पडणार. मला बघायचंय.

साडेदहा
तौकेंना सांगितलं, काचेला तडा गेला म्हणून मासा हौदात सोडलाय, उलटा तरंगतोय. काय धावले! माणसासाठी एक पायरी न उतरलेला म्हातारा माशासाठी चपलांसकट हौदात!

पाइप खाली आला. पडला नाही. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर ठेवला.

हाका मारतायत. चुआन, बाळा, खटका! आज मी बाळ झालो. जिन्याच्या तोंडाशी बसलोय, खटका हाताशी. गोड आवाजात सांगितलं, थांबा तौके, आधी मासा.

दहा पन्नास
हसत होतो. आता हसू येत नाही. ते मला नाही, आईला हाका मारतायत. सत्तरीचा माणूस— पुरे. पुरे झालं. बंद करतो—

खटका हलत नाही. माझ्या हातावर हात आहे. ओला. दिसत कुणी नाही—

दादा, पुरे म्हटलं ना. डावा हात सुटत नाही, उजव्याने लिहितोय—

खालचा आवाज थांबला.

पाणी पायऱ्या चढतंय. चौथी. दादा, मी तुझ्या बाजूचा— मीच आणून दिला ना तुला—

सहावी. कानाशी बोलतोय. तौकेंचं नाव नाही घेत. एवढंच म्हणतोय, खटक्यापाशी जो नुसता उभा राहिला, तो—