उशिरा कडू लागणारं मूळ

प्रिय अण्णा,

आज दुपारी प्रोफेसरांनी मला खोलीत बोलावून घेतलं. आमचा शोधनिबंध स्वीकारला गेलाय. हिमालयातल्या त्या औषधी वनस्पतीला आता नवी प्रजाती म्हणता येईल. मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, सगळ्यांनी हात मिळवले, पण ही बातमी आधी तुम्हाला द्यायला हवी होती. तुम्ही जाऊन अडीच वर्षं झाली, म्हणून हे पत्र.

तुमचा तो फोन मी विसरलेले नाही. मी जर्मनीत बॉनला येऊन वर्षच झालं होतं. कराडच्या आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात कुटकीच्या मुळांचं नवं पोतं आलं होतं. तुम्ही म्हणालात, "माणिक, ही कुटकी नव्हे. कुटकी जिभेवर ठेवली की लगेच कडू लागते. ही उशिरा लागते."

"अण्णा, चवीवरून प्रजाती ठरत नाही," मी हसून म्हटलं.

"मग कशावरून ठरते?"

मी घाईत होते. "नंतर सांगते," म्हणाले आणि फोन ठेवला. तुम्ही परत का नाही विचारलंत? एकदा जरी विचारलं असतंत, तरी मी थांबले असते. निदान आज तसं वाटतं.

तुमच्या तेराव्यानंतर दुकान आवरताना खणात त्या मुळांची एक पुडी सापडली. वर तुमचं अक्षर: 'माणिकसाठी. सवडीने बघणे.' आईने सांगितलं, त्या पोत्यातलं तुम्ही छटाकभरही विकलं नाहीत. मग मला का नाही सांगितलंत? मला वाईट वाटेल म्हणून?

ते मूळ जर्मनीत आणायचे परवाने मिळवण्यात सात महिने गेले. मूळ तपासलं, तर ते कुटकीशी जुळेना. पण नुसत्या मुळावरून नवी प्रजाती म्हणता येत नाही, फूल लागतं. मग आमच्या संग्रहाची देखभाल करणाऱ्या फ्राउ ब्रेनर यांनी कुटकीच्या जुन्या वाळवलेल्या नमुन्यांचे गठ्ठे माझ्यासमोर ठेवले. तीन दिवस भिंगातून बघत होते. कुटकीचे पुंकेसर फुलाबाहेर डोकावतात. एका नमुन्यात ते आतच होते. कागदावर मात्र कुटकीच लिहिलेलं.

"कुणीतरी चुकलं," मी म्हटलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," फ्राउ ब्रेनर म्हणाल्या. "आणि नंतर कुणी परत बघितलं नाही."

मान वर करून त्यांच्याकडे बघायचं मला धाडस झालं नाही.

व्यापाऱ्याकडून पोत्याचा माग काढत पुढच्या उन्हाळ्यात आम्ही ते जिथून आलं त्या डोंगरावर गेलो. डोल्मा नावाच्या एका मेंढपाळ बाईंनी वाट दाखवली. बर्फ वितळलेल्या कड्याखाली निळसर फुलं होती, पुंकेसर आत दडलेले. मी त्यांना विचारलं, "तुम्ही ही कशी ओळखता?" त्यांनी मुळाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "चाखून. ही उशिरा कडू होते."

अण्णा, मी तिथेच दगडावर बसले. बाईंना वाटलं, मला उंचीचा त्रास होतोय. त्यांनी पाणी दिलं. मी ते प्यायले आणि त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. तुम्ही सातवीपर्यंत शिकलात, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या स्वतः शाळेतच गेल्या नाहीत.

नव्या प्रजातीला तुमचं नाव दिलंय. लॅटिनमध्ये गजाननचं 'गजाननी' झालं. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "हे तर बाईचं नाव वाटतंय." मग "चाललं असतं त्यांना," एवढंच म्हणाली.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. निबंधात त्या कड्याचा नेमका पत्ता नाही. प्रोफेसर म्हणत होते, जागा लिहावी लागते. मी म्हटलं, लिहिली तर पुढच्या हंगामात तिथे एकही रोप उरणार नाही. शेवटी नुसता जिल्हा लिहायचं ठरलं. तुम्ही असतात तर तेवढाही लिहू दिला असतात का?

डोल्माबाईंनी घरामागे वाफा खणून ठेवलाय. पुढच्या वर्षी मी तिथे बी घेऊन जाईन. पहिली रोपं जगली नाहीत तर परत जाईन, आणि जगेपर्यंत जात राहीन. वाफ्यातली रोपं पुरेशी वाढल्याशिवाय कड्यावरचं एकही मूळ कुणी उपटणार नाही. त्यांनी तसा शब्द दिलाय, आणि मी तुम्हाला देते.

तुमची,
माणिक