अक्काच्या चिठ्ठीतलं नाव

२ एप्रिल

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

आधी बातमी, मग रडगाणं. तुझा लेक, आपला बारक्या, यंदा त्या दोनशे बासष्ट किलोमीटरच्या सायकल शर्यतीत संघाचा कप्तान आहे! त्यांच्या कप्तानाने सरावात खांद्याचं हाड मोडून घेतलं आणि मॅनेजरने बारक्याकडे बोट दाखवलं. अकरा वर्षं पोरगा दुसऱ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या वाहतोय, दुसऱ्यांसाठी वारा अंगावर घेतोय, आणि शेवटचे दगडी रस्त्याचे चढ आले की काम संपलं म्हणून संघाच्या गाडीत बसतोय. ही शर्यत त्याने एकदाही पुरी केलेली नाही. यंदा बाकीचे सहा जण त्याच्यासाठी राबणार. मला कळलं तेव्हा मी कारखान्यात एका वाकड्या चाकाचा आउट काढून ते सरळ करत होतो. असा काही हललो, की होता त्याच्या दुप्पट आउट करून ठेवला.

आता रडगाणं. शर्यत वीस तारखेला. आपल्या घरच्या भाकिताच्या चिठ्ठ्या नेहमीसारख्या माझ्याकडे पोस्टाने यायच्या. स्वतःच्या अक्षरात, जिंकणाऱ्याचं एकच नाव. शर्यतीच्या सकाळी चहाबरोबर उघडायच्या. तर अक्का, हात जोडतो, तुझ्या चिठ्ठीत त्या पोटऱ्यावाल्याचंच नाव पाहिजे. काही माणसांची जीभ काळी असते, तुझं पेन काळं आहे. पहिल्या वर्षी तू त्या उंच्याचं नाव लिहिलंस, त्याच्या चाकाखाली कुत्रं आलं. दुसऱ्या वर्षी दाढीवाल्याचं, तो आदल्या दिवशी काहीतरी शिळं खाऊन आडवा. असे चार गडी तू गारद केलेस. मग मीच म्हटलं, की एवढी विद्या आहे तर ती वाया का घालवायची? तेव्हापासून सात वर्षं तू पोटऱ्यावाल्याचं नाव लिहितेस, आणि जगातल्या झाडून सगळ्या शर्यती जिंकणारा तो माणूस ही एक शर्यत सात वर्षं हरतोय. कधी पंक्चर, कधी चेन तुटली. गेल्या वर्षी तर कुणा प्रेक्षकाच्या छत्रीत अडकला बिचारा.

आणि आपल्या बारक्याचं नाव चुकूनही लिहू नकोस. आहेत ती हाडं त्याला पुरवायची आहेत.

आमची ही तुझी आठवण काढते. तुझा लोभ आहे तसा राहू दे, पेन मात्र सांगेन तिकडेच चालव.

तुझा,
धाकटा

*

६ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

साठी उलटली तुझी, तरी अक्कल काही आली नाही. मी काय चेटकीण आहे? कुत्रं रस्त्यात आलं त्यात माझा काय दोष? त्याला मी पत्र लिहिलं नव्हतं.

बातमी वाचली तेव्हा खळीत बोटं बुडालेली होती. वाचनालयाचे चाळीस शब्दकोश बांधायला आले आहेत, सगळ्यांचे कणे मोडलेले. तशाच चिकट हाताने पत्र तीनदा वाचलं, त्यामुळे तुझं अक्षर आता कायमचं एका पुठ्ठ्याला चिकटलं आहे. मला रडू आलं रे. शेजारच्या टेबलावरची मुलगी विचारू लागली, काय झालं, तर मी म्हटलं, कप्तान झाला. तिला वाटलं बोटीवर.

तर चेटूक वगैरे काही नाही, तू मूर्ख आहेस. आणि पोटऱ्यावाल्याच्या नावाची चिठ्ठी मी घडी करून डब्यात ठेवली आहे. उगाच जिवाला घोर नको. बारक्याला मात्र यातलं अक्षर कळता कामा नये. सायकलवर बसणाऱ्याच्या डोक्यात पडण्याचा विचार घालायचा नाही, हे तूच शिकवलंस मला, तो पाच वर्षांचा होता तेव्हा.

गुडघ्याला तेल लावतोस का? बायकोला माझ्या वतीने विचार, तू खोटं सांगशील.

आशीर्वाद देऊन दमत नाही ती,
अक्का

*

९ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. रोज सहा तास सायकल, मग मालिश, मग वजन करून दिलेलं जेवण. कप्तान झाल्यापासून खोलीत खिडकीकडचा पलंग मिळाला आहे, एवढाच काय तो थाट. परवा गंमत झाली. संघातल्या सगळ्यात धाकट्याने सरावात मला पाण्याची बाटली आणून दिली, आणि मी सवयीने ती पुढच्याला देऊन टाकली. सगळे इतके हसले की दोघं जण खड्ड्यात जाता जाता राहिले. मॅनेजर म्हणाला, की आता निदान स्वतःची तहान तरी स्वतः भागव.

तो पोटऱ्यावाला यंदा फार जोरात आहे. वर्तमानपत्रवाल्यांच्या अंदाजात पहिला तोच. मी चौदावा.

आई, एक विचारू? मनात बरीच वर्षं आहे. मामा दरवर्षी शर्यतीनंतर सगळ्यांच्या चिठ्ठ्या मला पाठवतो, मला हसायला बरं म्हणून. मामाच्या चिठ्ठीत कायम माझं नाव असतं. मामीनेही दोनदा लिहिलं. तू अकरा वर्षांत एकदाही नाही. बाटल्या वाहणारा जिंकत नसतो, हे मला कळतं, आणि तुला खोटी स्तुती जमत नाही हेही माहीत आहे. पण प्रत्येक वर्षी मी आधी तुझीच चिठ्ठी उघडतो. मी काही जिंकणारा नाही असं तुला वाटत असेल, तर तसं सांग. मी रागावणार नाही. फक्त यंदा, कप्तान झाल्यावर, एकदा खरं काय ते ऐकावंसं वाटलं.

खळीच्या हाताने डोळे चोळू नकोस. तुझ्या मायेला पात्र असावं असं ज्याला वाटतं, तो

तुझा,
बारक्या

*

१२ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

बारक्याचं पत्र सोबत पाठवते आहे. वाच, आणि मग मला शिव्या दे.

अकरा वर्षं, धाकट्या! अकरा वर्षं माझं पोर सगळ्यात आधी माझी चिठ्ठी उघडतंय, आणि मी आपली तिकडे लोकांच्या चेन तोडत बसले आहे. पत्र वाचलं आणि दिवसभर एकसुद्धा पुस्तक धड शिवलं नाही. एका शब्दकोशाची पानं उलटी बांधली, ती पुन्हा उसवावी लागली.

डब्यातली चिठ्ठी फाडून टाकली. नवी या पाकिटात आहे, तिच्यात माझ्या मुलाचं नाव आहे. तशीच दुसरी त्यालाही पाठवली. आधी का लिहिलं नाही ते सांगितलेलं नाही. ते सांगायचं तर पडण्याचं बोलावं लागलं असतं.

मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. पहिलं अक्षर तीनदा गिरवलंय, बघशील तर कळेल. पण तो जन्मभर समजून चालला असता, की आईला आपला भरवसा नाही. त्यापेक्षा एखादं हाड मोडलेलं परवडलं.

माझ्यावर ओरडून झालं की माया कर.

अक्का

*

१५ एप्रिल

ती. अक्कास,
सा. न. वि. वि. (रागाने.)

केलंस ना! सत्यानाश केलास! पोरगा पहिल्यांदा कप्तान होतो आणि सख्खी आई त्याच्या चाकाखाली पेन घालते! पत्र वाचून मी डोक्याला हात लावून बसलो. हिने पाणी आणून दिलं, आणि मग तिनेही पत्र वाचलं. ती तुझ्या बाजूची झाली. म्हणाली, की अक्कांनी बरोबर केलं, आणि मी तोंड बंद ठेवावं.

ठेवतो. पण हातावर हात धरून बसणार नाही. अकरा वर्षं मी इमानाने बारक्याचं नाव लिहीत आलो. यंदा तुझी गादी कुणीतरी चालवायला हवी, म्हणून मीच माझ्या चिठ्ठीत पोटऱ्यावाल्याचं नाव लिहिलं आहे. लिहिताना तुझ्यासारखं तोंड करून पाहिलं. सख्खा भाऊ आहे मी तुझा, थोडीफार विद्या माझ्यातही उतरली असेल.

शर्यतीच्या शेवटच्या रेषेपाशी मी स्वतः जाऊन उभा राहणार आहे. पट्ट्या, कापूस, सगळं घेतलं आहे.

रागावलेला, तरी तुझाच,
धाकटा

*

२२ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच: मी बरा आहे. कोपराला पाच टाके, मांडी सोललेली, हाड एकही मोडलेलं नाही. आता सावकाश पुढचं वाच.

तुझी चिठ्ठी जर्सीच्या मागच्या खिशात घेऊनच निघालो. दोनशे चाळीस किलोमीटरपर्यंत सगळं स्वप्नात चालल्यासारखं चाललं होतं. दगडी चढावर आम्ही पाच जणच पुढे उरलो होतो, आणि मी त्यांत होतो, आई! पोटऱ्यावाला माझ्या शेजारी धापा टाकत होता. मग उतारावरच्या वळणावर पुढचं चाक सरकलं आणि मी आडवा. चौघं निघून गेले, मागचेही दोन पुढे गेले. उठलो, हँडल सरळ केलं, आणि खिशात हात घालून पाहिलं. चिठ्ठी होती. रक्त कोपरातून गळत होतं आणि माझ्या डोक्यात एकच, की आईने लिहिलंय म्हणजे तिने नीट विचार करून लिहिलं असणार. त्या दोघांना शेवटच्या चढावर गाठलं. पाचवा आलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती शेवटची रेषा मी सायकलवरून पाहिली. ती एवढी बारीक असते हे माहीतच नव्हतं.

रेषेपलीकडे मामा उभा होता, हातात कापूस, डोळ्यांत पाणी, चेहरा चोरी पकडल्यासारखा. डॉक्टर टाके घालत होता तेव्हा मामाने सगळं सांगून टाकलं. कुत्रं, शिळं अन्न, चेन, छत्री, सगळं. माझं नाव तू का लिहीत नव्हतीस तेही. आणि शेवटी खाली मान घालून म्हणाला, की त्याने यंदा पोटऱ्यावाल्याचं नाव लिहिलं होतं. आई, पोटऱ्यावाला जिंकला गं! सात वर्षं तू त्याला धरून ठेवलं होतंस, यंदा सोडलंस आणि तो सुटला. आणि मामाचं भाकीत आयुष्यात पहिल्यांदा खरं ठरलं, तेही असं. मी इतका हसलो की डॉक्टरने सुई बाजूला ठेवली, आणि माझं होईपर्यंत थांबतो म्हणाला.

मग हसता हसता रडलो. तुला माझा भरवसा नाही असं मी इतकी वर्षं धरून बसलो होतो, आणि तू तिकडे मला काही होऊ नये म्हणून स्वतःचं पेन आवरत होतीस. मला विचारायला अकरा वर्षं लागली, याची लाज वाटते.

मॅनेजर म्हणाला, पुढच्या वर्षीही कप्तान मीच. मामा आत्ताच तुझ्या नावाने विनवण्या करायला लागला आहे, की अक्काला सांग, पोटऱ्यावाल्याला परत धर. त्याचं ऐकू नकोस. माझंच नाव लिही, दरवर्षी लिही. पडलो तर पडेन. उठता येतं मला, ते तू आत्ता वाचलंसच.

तुझा लोभ पाच टाके पडूनही पुरून उरला आहे. वाढवू नकोस, मावणार नाही.

तुझा,
बारक्या