बरणीतले धणे

दि. ४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

खोली मिळाली. तिसरा मजला, खिडकीखाली लॉन्ड्रीचं आवार. जोडीला बेकरीत काम करणारी एक मुलगी आहे. ती येताना पाव आणते, त्यामुळे मी उपाशी नाही, हे आधी सांगून टाकते.

आता खरं ते लिहिते. मला रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात टाकलं आहे. बाळं इतकी लहान की उचलायच्या आधी मी तीनतीनदा हात धुते. इथे कायम राहायचं की नाही, ते मार्चअखेर सांग, असं मोठ्या सिस्टर म्हणाल्या. मी त्यावर एक उपाय काढला. खिडकीतल्या कुंडीत कोथिंबीर पेरली. एक जीव मला पहिल्यापासून वाढवता आला तर होकार, नाहीतर नकार. दुकानातल्या बियांची खात्री कोण देणार, म्हणून तू दिलेल्या बरणीतलेच धणे घेतले. ते चपलेने रगडून दोन फाका करायच्या असतात, असं जोडीदारीण म्हणाली. चप्पल आधी साबणाने धुतली. पाणी किती घालू, ते वाटीच्या मापात कळव.

हसलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी काळजीबाई


दि. ९ फेब्रुवारी

चि. काळजीबाईस,
अ. उ. आ.

पत्र काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ही कुंडीला रोज थर्मामीटर लावत असणार. मी तुझी बाजू घेतली, पण मनातून मलाही तसंच वाटलं.

पाण्याला वाटी नको. मातीत बोट घाल. कोरडं लागलं तर शिंपड, ओलं लागलं तर गप्प बस. हे दुसरं तुला जड जाणार. मशीनशेजारी बसवून तुला बाराखडी शिकवली, तेव्हा काना दिला की पुसून परत द्यायचीस. मी तेवढ्यात अख्खी बाही शिवायचे. सोबत पुदिन्याची एक काडी कपभर पाण्यात ठेव. पुदिना कुणाच्या काळजीला भीक घालत नाही, आपला आपण वाढतो.

आणि एवढी मोठी नोकरी एवढ्याशा कुंडीला बांधू नकोस.

लोभ आहेच, तो वाटीने मोजू नकोस.

तुझी मावशी


दि. १० मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

काही उगवलं नाही. कुंडी उन्हात ठेवली, सावलीत ठेवली, वर्तमानपत्राने झाकली. अधूनमधून एखादा दाणा उकरून पाहते आणि माफी मागून परत पुरते. माती बदलून बरणीतले धणे पुन्हा पेरले. पाणी घातलं की खोलीभर खमंग वास सुटतो, जोडीदारणीला भूक लागते, पण हिरवा ठिपकासुद्धा दिसत नाही. पुदिना कपाबाहेर आला आहे. तो मी हिशेबात धरत नाही, त्याला माझी गरज नाही असं तूच लिहिलं होतंस.

कक्षात एक अगदी किडकिडीत बाळ आहे. इतर कुणाच्या हातून दूध घेत नाही, माझ्या हातून घेतं. त्याच्या भुकेच्या वेळी नेमकी माझी पाळी येत असेल, दुसरं काय.

महिनाअखेरीला सिस्टरांना नकार सांगणार आहे. वाढत्या जिवाला माझा हात सोसत नाही. काम आवडायला लागलं होतं, म्हणून जरा वाईट वाटतं.

तरीही लोभ असू दे.

तुझी काळजीबाई


दि. १४ मार्च

चि. काळजीबाईस,
अ. उ. आ.

आधी हे वाच: नकार देऊ नकोस.

त्या खमंग वासाशी मी अडखळले. अगं, आपल्या घरात धणे आणले की त्याच दिवशी तव्यावर भाजून बरणीत भरतात, कीड लागू नये म्हणून. लहानपणी तूच स्टुलावर उभी राहून ते हलवायचीस. तू भाजलेल्या धण्यांची महिनाभर शुश्रूषा केलीस. काकांना हसून हसून उचकी लागली आहे. मीही काही कमी नाही. पहिल्याच पत्रात तू बरणीचं लिहिलं होतंस, तरी मी पाण्याचंच सांगत बसले.

कच्चे धणे पाठवते आहे. तव्याजवळ नेऊ नकोस.

लोभ आहे, उचकी थांबली की काकांचाही कळवते.

तुझी मावशी


दि. ८ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वेळेवर पोचलं. तरी मला होकार देता येईना, कारण कच्चे धणे अजून उगवायचे होते. सिस्टरांना तसं प्रामाणिकपणे सांगून थोडी मुदत मागितली. त्यांनी तुझं पत्र वाचलं, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या, बाळं कोथिंबिरीसाठी थांबत नाहीत. त्या बाळाने पहिल्यांदा बाटली संपवली, त्याच दिवशी त्यांनी माझं नाव पक्कं करून टाकलं होतं. मग मला विचारलंत कशाला, असं मी विचारलं. विचारायची रीत असते, म्हणाल्या. मी हो म्हटलं. आवाज जरा बारीक निघाला.

बाळ परवा घरी गेलं. जाताना माझ्या धुतलेल्या गणवेशावर दूध ओकलं. भरपूर ओकलं, म्हणून मला बरं वाटलं.

कोथिंबीर उगवली आहे. मातीत बोट घालते आणि बहुतेक वेळा गप्प बसते.

एक सांगायचं राहिलं. निम्मे धणे पेरले आणि उरलेले तव्यावर कधी घातले, ते माझं मलाच कळलं नाही. वास आला तेव्हा ध्यानात आलं. आता बरणीवर चिठ्ठी लावली आहे: यांना पाणी घालू नये.

काकांची उचकी थांबली का, ते कळव. लोभ मात्र भाजून ठेवू नकोस, वाढता राहू दे.

तुझी काळजीबाई